चार्जिंग १४.१ दाखवतं, तरी सोमवारी गाडी उठत नाही

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. गाडी २०१४ ची, डिझेल, बॅटरी ६० एएचची, म्हणजे १ ॲम्पिअर करंट साधारण ६० तास पुरेल एवढी. आठ महिन्यांत दोन बॅटऱ्या झाल्या, मधे ऑल्टरनेटर, म्हणजे चालू इंजिनवर बॅटरी भरणारं यंत्र, खोलून कार्बन आणि बेअरिंग बदललं. आठवडाभर चादरी-टॉवेलचे गठ्ठे घेऊन गावात फिरता तेव्हा काही तक्रार नाही. शनिवारी रात्री गाडी लावली की सोमवारी सकाळी सेल्फ मारल्यावर नुसतं कट्-कट्. बॅटरीवाले म्हणतात ऑल्टरनेटर बघा. ऑल्टरनेटरवाले म्हणतात चार्जिंग १४.१ व्होल्ट येतंय, बॅटरीच खराब. आणि तुम्ही विचारताय, तिसरी बॅटरी कोणत्या कंपनीची घेऊ.

आत्ता कोणतीच घेऊ नका. दुखणं सापडायच्या आधी घातलेली तिसरी बॅटरीही त्याच वाटेने जाईल.

मी सोलापुरात सव्वीस वर्षं गाड्यांचं वायरिंगचं काम करतो. तुमच्यासारखी गाडी महिन्याला दोन-तीन तरी येते आणि जवळजवळ प्रत्येकीची गोष्ट हीच असते. तपासणी झालेली असते ती दुपारी, इंजिन चालू ठेवून. बॅटरी उतरते ती रात्री, इंजिन बंद असताना. १४.१ हा आकडा खरा आहे, पण तो भरण्याचा आकडा आहे. गाडी उभी असताना बॅटरीतून किती जातंय, हे आजवर कुणी मोजलेलंच नाही. तुमचा खरा प्रश्न तो आहे.

आपल्याकडे पाणी रोज येत नाही, त्यामुळे टाकीचा हिशोब प्रत्येक घराला कळतो. सकाळी टाकी रिकामी दिसली तर कारणं तीनच: नळाला पाणी कमी आलं, टाकीला तडा आहे, किंवा रात्री कुठला तरी नळ चालू राहिला. बॅटरीचंही हेच. ऑल्टरनेटर पुरेसं भरत नाही, बॅटरी धरत नाही, किंवा बंद गाडीत कुणीतरी पीत बसलंय. तिन्हींत सकाळी दिसणारं लक्षण एकच, म्हणून लक्षणावरून पार्ट बदलत गेलं की पैसे जातात आणि दुखणं तिथेच राहतं.

काही गोष्टी तुमच्या गाडीवर आणि वापरावर अवलंबून आहेत, त्या मला इथे बसून दिसत नाहीत. नंतर काय काय बसवलंय, म्हणजे म्युझिक सिस्टिम, रिव्हर्स कॅमेरा, जीपीएसचा डबा, सेंट्रल लॉक? दिवसाला किती किलोमीटर आणि किती वेळा बंद-चालू? बॅटरी दुकानातून पूर्ण चार्ज होऊन आली होती का? पण तुम्ही दिलेल्या माहितीत एक गोष्ट फार कामाची आहे, ती म्हणजे वेळ. रोज सकाळी गाडी उठते, फक्त दीड दिवस उभी राहिली की उठत नाही. यावरून कागदावर हिशोब करता येतो.

शनिवारी रात्री ९ ते सोमवारी सकाळी ७, म्हणजे ३४ तास. बंद गाडीतही घड्याळ, ईसीयूची (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरची) मेमरी, लॉकचा रिसीव्हर थोडा करंट घेतात. तो साधारण २० ते ५० मिलिॲम्पिअर असतो आणि ते चालतं. ५० धरले तरी ३४ तासांत पावणेदोन एएच, म्हणजे ६० च्या बॅटरीला काहीच नाही. आता समजा ०.३ ॲम्पिअर जातायत. मग ३४ तासांत १० एएच. तब्येत चांगली आणि पूर्ण भरलेली बॅटरी हे सोसून गाडी सहज उठवेल. १ ॲम्पिअर जात असेल तर ३४ एएच, अर्ध्याहून जास्त बॅटरी रिकामी, आणि डिझेल इंजिनला हीटर आणि सेल्फ मिळून जो दणका लागतो तो मग मिळत नाही.

म्हणजे तुमच्याकडे दोन शक्यता राहतात. एक तर १ ॲम्पिअरच्या आसपास काहीतरी मोठं पितंय. किंवा पिणारं लहान आहे, पण शनिवारी रात्री बॅटरी मुळातच अर्धी होती. पहिलं काम हे दोन वेगळे करायचं. त्यासाठी एक साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो.

शनिवारी गाडी लावल्यावर लगेच मोजू नका. चालून आलेल्या बॅटरीच्या पत्र्यांवर वरवरचा चार्ज असतो, तो १३ च्या आसपास दाखवून फसवतो. हेडलाइट दोन मिनिटं लावा, बंद करा, तास-दोन तास जाऊ द्या आणि मग थेट बॅटरीच्या शिशाच्या खुंटांवर मीटर लावा. १२.६ किंवा वर म्हणजे भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण. १२.२ म्हणजे अर्धी. १२.० म्हणजे पावच उरली. हा आकडा लिहून ठेवा. रविवारी सकाळी आणि रविवारी रात्री पुन्हा मोजा. शनिवारी १२.६ असून रविवारी रात्री १२.१ वर आली तर कुणीतरी पितंय किंवा बॅटरीचा एखादा सेल गेलाय. शनिवारी रात्रीच १२.२ निघाली तर भरण्यातच खोट आहे.

सेल गेलाय की बाहेर कुणी पितंय, हे ओळखायला आणखी सोपं काम आहे. पुढच्या शनिवारी मोजून झाल्यावर मायनसचं टर्मिनल काढून ठेवा. सोमवारी सकाळी बॅटरी तशीच १२.६ च्या आसपास असली तर बॅटरी निर्दोष, चोर गाडीत. टर्मिनल काढूनही पडली तर बॅटरी आतून गेली. याला पैसा लागत नाही, आणि दोन दुकानांतला वाद यानेच मिटतो. टर्मिनल काढताना नेहमी मायनस आधी काढायचं आणि लावताना शेवटी लावायचं. हातात कडं किंवा बोटात अंगठी असेल तर आधी खिशात टाका. प्लस आणि बॉडीच्या मधे कडं अडकून मनगट भाजलेला मुलगा मी पाहिलाय.

तुमच्या बॅटरीवर झाकणं असतील तर दहा मिनिटं हायड्रोमीटरला, म्हणजे ॲसिडचा दाटपणा (ग्रॅव्हिटी) मोजणाऱ्या नळीला द्या. आपल्या उष्ण भागासाठी भरलेल्या बॅटरीची ग्रॅव्हिटी साधारण १.२४० च्या आसपास धरतात. सहाही घरांत, म्हणजे सेलमध्ये, जवळपास सारखी असली पाहिजे. पाच घरं १.२३० आणि एक १.१७० निघालं तर ते घर गेलंय आणि बॅटरी बदलण्यावाचून इलाज नाही. सहाही घरं सारखीच खाली असतील तर बॅटरी फक्त उपाशी आहे. हा फरक वॉरंटीला जाण्याआधी माहीत असलेला बरा.

आता तुमच्या ऑल्टरनेटरबद्दल. त्यांनी १४.१ मोजले म्हणून ऑल्टरनेटर सुटला असं मी मानत नाही. याचं कारण समजून घ्या.

ऑल्टरनेटरच्या आत करंट तयार होतो तो एसी. त्याचा डीसी करायला आत डायोड प्लेट असते. डायोडचं दुसरं काम लोक विसरतात: इंजिन बंद झाल्यावर बॅटरीचा करंट उलटा ऑल्टरनेटरमध्ये शिरू नये म्हणून तेच दार अडवून उभे असतात. ऑल्टरनेटरच्या बी प्लस खुंटावर जाणारी जाड वायर चावी बंद असली तरी कायम बॅटरीला जोडलेली असते. दार घट्ट असेल तोवर काही नाही. प्लसच्या बाजूचा एखादा डायोड गळायला लागला की बंद गाडीत करंट आत शिरतो, आणि बऱ्याच ऑल्टरनेटरमध्ये तो थेट फिल्डच्या वाइंडिंगमध्ये, म्हणजे आतलं चुंबक तयार करणाऱ्या तारेच्या गुंडाळीत पोचतो. चालू इंजिनवर हाच ऑल्टरनेटर १४ व्होल्ट आरामात देतो, कारण दिवसा ४०-५० ॲम्पिअर बनवणाऱ्या यंत्राला १ ॲम्पिअरची गळती जाणवत नाही. दिवसा जो भरतो तोच रात्री पितो. कार्बन आणि बेअरिंग बदलताना डायोड प्लेटला कुणी हात लावला नसेल, तर माझा पहिला संशय तिथेच आहे.

हे मला पहिल्यांदा मीटरने नाही, हाताने कळलं. गड्ड्याच्या यात्रेचे, म्हणजे सोलापुरातल्या संक्रांतीच्या जत्रेचे दिवस होते, सकाळची चांगली थंडी. एका जीपच्या मालकाने रात्रभर माझ्याकडेच गाडी ठेवली होती, तक्रार तुमच्यासारखीच. सकाळी सातला बॉनेट उघडलं. इंजिनचं लोखंड बर्फासारखं गार, रेडिएटर गार. बेल्टचा ताण बघायला हात खाली घातला आणि तळवा ऑल्टरनेटरच्या पाठीला लागला. ती कोमट होती. चुलीवरून उतरवून बऱ्याच वेळाने भांड्याला हात लावावा, तितपत. दहा तास बंद असलेल्या गाडीत ऊब यायला दुसरं कारणच नाही, तिथे करंट वाहत होता. मग मीटर लावला तर जवळजवळ १ ॲम्पिअर. १२ व्होल्टला १ ॲम्पिअर म्हणजे १२ वॅट, पूर्वीच्या गाडीतला एक छोटा बल्ब रात्रभर लोखंडात बंद करून ठेवल्यासारखं. डायोड प्लेट बदलली, तेवढ्यावर काम झालं. त्या मालकाचे आधी बॅटरी आणि सेल्फ दोन्ही बदलून झाले होते.

तेव्हापासून अशा गाडीच्या मालकाला मी सांगतो: रात्रभर उभी राहिलेल्या गाडीचं बॉनेट सकाळी चावी न लावता उघडा आणि ऑल्टरनेटरला हात लावा. त्यानंतर एक लोखंडी पाना ऑल्टरनेटरच्या मागच्या बेअरिंगजवळ किंवा पुलीच्या नटाजवळ न्या. चावी बंद असताना पाना ओढला गेला तर फिल्डला करंट चालू आहे, म्हणजे डायोड गळतोय, नाहीतर चावीचा करंट देणारा रिले (विजेवर चालणारा स्विच) चिकटलाय. पाना जवळ नेताना मधे जाड वायरचा बी प्लस खुंट येतो, त्याला आणि बॉडीला पाना एकाच वेळी लागता कामा नये. आणखी एक खूण: रात्री अंधारात, चावी काढलेली असताना, डॅशबोर्डवरचा लाल बॅटरीचा दिवा अगदी मंद तेवताना दिसला तर तोही प्लसच्या डायोडचाच निरोप असतो. पुष्कळ लोकांना तो दिवसा दिसतच नाही.

ऊब लागली नाही म्हणून डायोड ठीक असं मात्र नाही. गळती कमी असेल तर हाताला कळत नाही, आणि डायोड गरम असताना जास्त गळतो, गार झाला की कमी. उन्हाळ्यात गाडी लावल्यावर पहिल्या दोन-तीन तासांत जास्त जातं आणि सकाळी गॅरेजवाल्याने मोजलं तर 'ठीक आहे' निघतं, असं मी बघितलंय. म्हणून गळती दोनदा मोजायची, गाडी गरम असताना एकदा आणि गार झाल्यावर एकदा.

मल्टिमीटर एसीवर ठेवून बॅटरीवर मोजायची पद्धतही आहे. इंजिन चालू, हेडलाइट चालू, थोडा रेस. चांगल्या डायोडला साधारण ०.१ च्या खाली येतं, ०.५ च्या वर गेलं तर डायोड नक्की गेलाय. पण स्वस्त मीटर एसीच्या रेंजवर डीसीसुद्धा मोजून काहीतरी आकडा दाखवतात. आधी इंजिन बंद ठेवून शून्य येतं का बघा, मगच विश्वास ठेवा. आणि नुसता गळणारा डायोड या चाचणीत सुटूही शकतो.

आता गळती प्रत्यक्ष कशी मोजायची ते. यात घाई केली की चुकतं. ड्रायव्हरच्या बाजूची काच खाली करा, म्हणजे लॉक झालं तरी हात आत जाईल. दारं बंद करा, किंवा दाराचं कुलूप स्क्रूड्रायव्हरने दाबून बंद स्थितीत आणा, म्हणजे गाडीला दार लागलंय असं वाटेल. बॉनेटला दिवा असेल तर त्याचा बल्ब काढा. चावी गाडीपासून लांब ठेवा. मीटरची लाल पिन १० ॲम्पिअरच्या भोकात, मीटर डीसी ॲम्पिअरवर. मायनस टर्मिनल काढायच्या आधीच एक छोटी वायर बॅटरीच्या मायनस खुंटापासून काढणार त्या केबलला चिमट्याने जोडून ठेवा. मग टर्मिनल उचला, मीटर मधे लावा, आणि त्यानंतर ती छोटी वायर सोडा. असं केलं की गाडीचा करंट एक क्षणही तुटत नाही आणि आतली मॉड्यूलं (छोटे कंट्रोलचे डबे) दचकून जागी होत नाहीत.

सुरुवातीला दोन-तीन ॲम्पिअर दिसले तर घाबरू नका. गाडी अजून जागी आहे. अर्धा तास थांबा. चहा घ्या, पण दार उघडू नका आणि रिमोट दाबू नका. मीटर लावलेला असताना चुकूनही सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज जाईल आणि मग तो कायम शून्य दाखवेल. शून्य दिसलं म्हणून गळती नाही असं समजून गाडी परत नेलेले लोक आहेत.

अर्ध्या तासाने ५० मिलिॲम्पिअरच्या आत आलं तर त्या वेळी तरी गाडी निर्दोष. जास्त असेल तर शोध सुरू. एकेक फ्यूज उपटून बघणं ही जुनी पद्धत आहे, चालते. पण फ्यूज काढताना-लावताना मॉड्यूल पुन्हा जागं होतं आणि परत अर्धा तास जातो. मी हल्ली फ्यूज जागेवरच ठेवतो. फ्यूजच्या डोक्यावर दोन उघडे ठिपके असतात, त्यांवर मीटर मिलिव्होल्टवर लावतो. शून्य म्हणजे त्या वाटेने काही जात नाही. एक-दोन मिलिव्होल्ट दिसले की ती वाट धरायची. पंधरा मिनिटांत सगळा फ्यूज बॉक्स होतो.

सगळे फ्यूज तपासून, काढूनही गळती तशीच राहिली तर सेल्फ आणि ऑल्टरनेटरच्या जाड वायरी उरतात, त्या सहसा या छोट्या फ्यूजांमधून जात नाहीत. मीटर काढा, बॅटरीचं मायनस सुटलेलं असू द्या, आणि ऑल्टरनेटरची बी प्लस वायर काढून तिच्या टोकाला टेप गुंडाळा. मग पुन्हा पहिल्यासारखं मोजा. गळती गेली तर डायोड प्लेट. इथे मायनस सोडवल्याशिवाय पाना लावायचा नाही, कारण त्या खुंटावर कायम करंट असतो आणि पाना बॉडीला टेकला तर वितळेपर्यंत सोडत नाही.

ऑल्टरनेटर निर्दोष निघाला तर? मग नंतर बसवलेल्या वस्तूंकडे वळा. कंपनीच्या मूळ वायरिंगमध्ये गळती सापडण्यापेक्षा बाजारातून बसवलेल्या सामानात सापडण्याचं प्रमाण माझ्याकडे कितीतरी जास्त आहे. म्युझिक सिस्टिमला दोन लाइनी लागतात, एक मेमरीची कायमची आणि एक चावीवरची. घाईत दोन्ही कायमच्या लाइनला जोडल्या जातात. पडदा काळा होतो, आतला ॲम्प्लिफायर जागाच राहतो. मार्केट यार्डात कांदा घेऊन येणाऱ्या एका पिकअपला जीपीएसचा डबा, दोन हॉर्नचे रिले, केबिनमधली एलईडीची माळ आणि मोबाइल चार्जर असं सगळं एकाच वायरवर, तेही बॅटरीच्या प्लसला थेट गुंडाळलेलं होतं. मधे फ्यूजही नव्हता. एकटी कोणतीच वस्तू फार पीत नव्हती, सगळ्यांची बेरीज पाऊण ॲम्पिअरला पोचली होती. गळतीपेक्षा मला त्या फ्यूज नसलेल्या वायरची जास्त धास्ती वाटली, कारण ती घासून उघडी पडली असती तर गाडीच पेटली असती. तुमच्या गाडीत अशी थेट बॅटरीला लावलेली वायर दिसली तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी तिला फ्यूज घाला. डिकीचा दिवा, ग्लोव्हबॉक्सचा दिवा, चिकटलेला रिले, दाराचा स्विच ही नेहमीची मंडळी आहेतच. डिकीत मोबाइलचा कॅमेरा चालू करून ठेवा आणि झाकण लावा, दिवा विझतो की नाही ते दिसेल.

आता दुसरी शक्यता, शनिवारी रात्रीच बॅटरी अर्धी असणं. तुमचा वापर गावातला आहे. एका दुकानापासून दुसऱ्यापर्यंत दोन-तीन किलोमीटर, बंद, पुन्हा चालू, एसीचा पंखा जोरात, संध्याकाळी हेडलाइट. सेल्फ मारायला लागतं ते फार नसतं, काही सेकंदांचं काम. पण इंजिन आयडलवर असताना ऑल्टरनेटर त्याच्या ताकदीचा थोडाच भाग देतो आणि पंखा, लाइट, ब्रेक लाइट मिळून तेवढं खाऊन टाकतात. शिवाय बॅटरी शेवटचा पाचवा हिस्सा फार सावकाश घेते, त्याला तास लागतात, तुमच्या दहा-दहा मिनिटांच्या फेऱ्यांत तो भरतच नाही. मग ती कायम १२.३ च्या आसपास राहते, पत्र्यांवर सल्फेट घट्ट बसतं आणि नवी बॅटरी काही महिन्यांतच म्हातारी होते. तुमच्या दोन्ही बॅटऱ्या अशा गेल्या असण्याची शक्यता मी सोडत नाही.

म्हणून १४.१ कुठे आणि कोणत्या लोडवर मोजले हे विचारा. बिनलोडचा आकडा फसवतो. हेडलाइट, पंखा, मागच्या काचेचा हीटर लावा, रेस १५०० आरपीएमच्या वर धरा आणि बॅटरीच्या खुंटांवर मोजा. १३.८ च्या वर टिकायला हवं. मग त्याच लोडवर मीटरचं एक टोक ऑल्टरनेटरच्या बी प्लसला, दुसरं बॅटरीच्या प्लसला. ०.३ च्या वर आलं तर वायरमध्ये किंवा तिच्या पकडीत व्होल्टेज मरतंय. तसंच अर्थिंगसाठी ऑल्टरनेटरच्या बॉडीपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत, तिथे ०.२ च्या वर नको.

अर्थिंगची ही मोजणी मी एकदा केली नाही, त्याची खंत अजून आहे. बार्शीकडच्या एका शिक्षकांच्या गाडीला चार्जिंग कमी येत होतं, १३.२ च्या पुढे जाईना. मी ऑल्टरनेटर बदलायला लावला. तीन आठवड्यांत ते परत आले, तक्रार तीच. तेव्हा खाली शिरून बघितलं तर इंजिनपासून चासीला जाणारी विणलेली अर्थची पट्टी बोल्टखाली हिरवी पडून निम्मी तुटली होती. मी त्यांचे ऑल्टरनेटरचे पैसे परत केले, पण त्यांना दोनदा सुट्टी टाकून पन्नास-साठ किलोमीटर यावं लागलं ते कसं भरून देणार? तेव्हापासून मीटरने अर्थिंग मोजल्याशिवाय मी ऑल्टरनेटरच्या बोल्टला पाना लावत नाही.

तुमचं कट्-कट् ऐकतानाही हे लक्षात ठेवा. पुढच्या वेळी असं झालं तर धक्का मारायच्या आधी मीटर लावा. सेल्फ मारताना बॅटरीवर ९.६ च्या खाली गेलं तर बॅटरी रिकामी किंवा निकामी. १२ च्या आसपासच राहिलं आणि तरी सेल्फ फिरला नाही, तर बॅटरीत दम आहे आणि रस्ता बंद आहे: टर्मिनल सैल, अर्थ तुटलेला, नाहीतर सेल्फचा स्विच गेलेला. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी आली असेल तर खायचा सोडा घातलेल्या गरम पाण्याने धुवा, झाकणं घट्ट लावून. कोरडं करून खरवडा, आवळा, आणि मग वरून व्हॅसलिन लावा. आवळायच्या आधी मधे ग्रीस भरू नका.

बेल्टचं थोडक्यात सांगतो: सकाळी चिरकतो का, आतून चकचकीत झालाय का, ताण आहे का, एवढं बघा. कार्बन नुकतेच बदललेत, त्यामुळे तिकडे मी वेळ घालवणार नाही.

एका गोष्टीवर मात्र मी कुणाचंही ऐकणार नाही. ऑल्टरनेटर चालतोय का हे बघायला चालू इंजिनवर बॅटरीचं टर्मिनल उचलून दाखवणारे अजून आहेत. डायनामाच्या काळात ते खपून जायचं. आता बॅटरी बाजूला झाली की व्होल्टेज क्षणात उसळतं आणि रेग्युलेटर, डायोड किंवा थेट ईसीयू घेऊन जातं. तुमच्या गाडीवर हा प्रयोग कुणी केला असेल तर डायोड गळण्याचं कारणही कदाचित तेच असेल. कुणी करायला लागला तर हात धरा.

हे आकडे तुमच्या २०१४ च्या गाडीला लागू आहेत. अलीकडच्या पुष्कळ गाड्यांत मायनस टर्मिनलवर सेन्सर असतो आणि ईसीयू गरजेप्रमाणे चार्जिंग कमी-जास्त करतो. तिथे मधेच १२.८ दिसलं म्हणून ऑल्टरनेटर खोलायचा नसतो. कुणी तशा गाडीसाठी हे वाचत असेल तर त्यांनी चार्जरचा मायनस चिमटा खुंटाला न लावता बॉडीला लावावा, आणि स्टार्ट-स्टॉपवाल्या (थांबल्यावर इंजिन आपोआप बंद होणाऱ्या) गाडीला मूळ प्रकारचीच बॅटरी घ्यावी.

आता सध्या असलेल्या बॅटरीचं. ती जिवंत असू शकते. गाडीच्या भरवशावर ठेवू नका, काढून चार्जरवर लावा. ६० एएचला ६ ॲम्पिअरने दहा-बारा तास, हवेशीर जागी, झाकणं सैल करून, जवळ विडी-काडी नको, कारण त्यातून निघणारा वायू पेट घेतो. पाणी चार्ज झाल्यावर पातळीपर्यंत, डिस्टिल्ड वॉटरच. आपल्या बोअरचं किंवा नळाचं पाणी घातलं तर त्यातले क्षार पत्र्यांवर बसतात. ॲसिड वरून घालू नका, उन्हाने उडतं ते फक्त पाणी. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ ला जातो, बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त. त्या उष्णतेने बॅटरी आतून झिजते आणि मरते मात्र डिसेंबरच्या पहिल्या थंड सकाळी, म्हणून लोक थंडीला दोष देतात. उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी पातळी बघा आणि जमेल तिथे गाडी सावलीला लावा.

तर या शनिवारी एवढंच करा. बॅटरी पूर्ण चार्ज करून गाडीत बसवा, रात्री व्होल्टेज लिहा, अर्धा तास थांबून गळती मोजा, रविवारी सकाळी ऑल्टरनेटरला हात लावा. हे तीन निकाल आणि नंतर बसवलेल्या वस्तूंची यादी मला कळवा. गळती १ ॲम्पिअरच्या आसपास आणि ऑल्टरनेटर कोमट निघाला, तर ज्यांनी कार्बन बदलले त्यांच्याकडेच न्या आणि डायोड प्लेट टेबलावर काढून तुमच्यासमोर एकेक डायोड तपासायला सांगा. बॅटरीच्या दुकानात तोवर जाऊ नका.